पांढरी पाचचं हमिंग

फोटो फार छान आला होता. ॲल्युमिनियमच्या चासीच्या पोटात लाल, काळ्या, पिवळ्या, हिरव्या वायरी. सगळ्या एकमेकींना समांतर, वळायचं तिथे काटकोनात वळलेल्या आणि दर दोन सेंटिमीटरवर पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेल्या. घरच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर नाशिकच्या आत्याने "किती सुबक रे!" असं लिहिलं, पुण्याच्या मावसभावाने टाळ्यांची रांग लावली. संध्याकाळी इच्छापोरच्या आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून मी स्विच दाबला. अर्ध्या मिनिटात काचेच्या नळ्यांच्या पोटात केशरी उजेड दिसला आणि गाण्याच्या आधीच स्पीकरमधून आवाज आला. हुंऽऽऽ.

व्हॉल्यूमचं बटण मध्यावर नेलं, आवाज वाढला. शून्यावर आणलं, कमी झाला. गेला मात्र नाही.

बाबा सोफ्यावर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "पांढरी पाच लागलीय. तानपुरा नको म्हणून सांग त्याला."

बाबा भजनात पेटी वाजवतात, त्यामुळे हा विनोद नव्हता. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. पेटीची पांढरी पाच खाली खाली नेत गेलं की साधारण ४९ हर्ट्झच्या सुराशी पोचतो, म्हणजे विजेची गुणगुण जवळपास तिच्यावरच बसते. रेडिओ मेकॅनिकच्या भाषेत या गुणगुणीला हमिंग म्हणतात. माझा सुबक ॲम्प्लिफायर गाणं सोडून वीज ऐकवत होता.

थोडं मागे जातो. बाबा मूळचे धरणगावचे. आयटीआय झाल्यावर हजिऱ्याच्या कारखान्यात लागण्याआधी तीन वर्षं ते जळगावात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. तिथेच १९७९ साली, उरल्यासुरल्या सामानातून, त्यांनी रेकॉर्ड प्लेअरसाठी एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवला. धरणगावहून आमच्याबरोबर तो सुरतेला आला आणि माळ्यावर गेला. गेल्या वर्षी माळा आवरताना मी तो खाली काढला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळलेला, पत्र्याला खाडीच्या हवेने पांढरी बुरशी धरलेली. पण आतले व्हॉल्व्ह शाबूत होते, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. बंगळुरूच्या या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत असत. बाबा म्हणाले, "चासी नवी घे, व्हॉल्व्ह माझे लाव. मी सांगतो, तू कर." बाबांचा उजवा हात गेली चार वर्षं कापतो. सोल्डरिंग आयर्न त्यांना धरता येत नाही.

आणि मी? बी.ई., कॉम्प्युटर. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपनंतर सोल्डरिंग आयर्नला हात लावलेला नाही. दिवसभर घरून पुण्याच्या कंपनीचा कोड लिहितो, जो हातात कधीच येत नाही. म्हणून मला हे काम हवंच होतं.

आपल्या तरुण मंडळींसाठी, व्हॉल्व्ह म्हणजे काय ते दोन ओळींत. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक धातूची नळी तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी बसवलेली असते. या जाळीवर किंचित व्होल्टेज कमी-जास्त केलं की प्लेटकडे जाणारा प्रवाह भरपूर कमी-जास्त होतो. झडपेसारखंच काम, म्हणून इंग्रजांनी नाव ठेवलं व्हॉल्व्ह. ही जाळी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली आत घातली आणि आवाज मोठा करणं शक्य झालं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा घराघरांत ते ज्या रेडिओवर ऐकलं गेलं, ते सगळे व्हॉल्व्हचे. त्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. माझ्या आजोबांचं लायसन्सचं पुस्तक अजून धरणगावच्या पेटीत आहे.

त्या रेडिओंच्या आत हिरवी छापील पट्टी, म्हणजे पीसीबी, नसे. पत्र्याची चासी, तिला भोकं पाडून बसवलेले व्हॉल्व्हचे सॉकेट, मध्ये मध्ये टॅगच्या पट्ट्या, आणि रेझिस्टन्स, कंडेन्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेट हवेत सोल्डर केलेले. हल्ली हौशी लोक याला पॉइंट-टू-पॉइंट वायरिंग म्हणतात. बाबांना हे नाव ऐकून हसू आलं. त्यांच्या दुकानात त्याला नुसतं वायरिंग म्हणत, कारण दुसरं काही नव्हतंच.

सामान मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणलं. टॅगपट्ट्या, सिरॅमिकचे सॉकेट, ४५० व्होल्टचे कंडेन्सर. सर्किट बाबांचंच: आधी ईसीसी-८३, त्यापुढे ईएल-८४, आणि एसीचं डीसी करायला ईझेड-८०. एक चॅनेल, चार-पाच वॉट. हॉलला एवढं पुष्कळ होतं.

वायरिंग मात्र मी बाबांना न विचारता केलं. त्यांना दाखवून थक्क करायचं होतं. इंटरनेटवर हायवॉट नावाच्या ब्रिटिश गिटार ॲम्प्लिफायरच्या आतले फोटो पाहिले होते. त्यांचं वायरिंग हॅरी जॉयस नावाच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये होत असे आणि ते पाहून कुणीही खुळा होईल: काटकोनी जुडगे, वायरीला वायर चिकटून, जणू पैठणीचा काठ. मी तसंच केलं. तीन रविवार लागले. फोटोत शिस्त दिसते, पण कुठली वायर कुणाच्या शेजारून न्यायची हे ज्याने ठरवलं त्याचं डोकं फोटोत येत नाही.

हमिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोन्ही चासी जेवणाच्या टेबलावर उलट्या ठेवायला सांगितल्या. त्यांची १९७९ ची आणि माझी. आई म्हणाली, "तुझी किती नीट आहे! यांची म्हणजे कावळ्याचं घरटं." खरंच तसंच दिसत होतं. रेझिस्टन्स तिरपे टांगलेले, एक कंडेन्सर दुसऱ्यावर चढलेला, सरळ रेघ कुठे नाहीच. बाबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या चासीतली एक पिवळी वायर मागच्या सॉकेटपासून दाखवत निघाले. रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल मागच्या बाजूने आत येत होता. मग जुडग्यात शिरून पुढच्या व्हॉल्यूमच्या बटणापर्यंत. तिथून दुसरी पिवळी वायर त्याच जुडग्यातून परत मागे, ईसीसी-८३ च्या दोन नंबरच्या पिनेपर्यंत, म्हणजे जाळीपर्यंत.

"आणि या जुडग्यात शेजारी कोण आहे?"

शेजारी हीटरच्या वायरी होत्या. व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्ट एसी लागतो. व्होल्टेज कमी, पण करंट भरपूर. ईसीसी-८३ ला ०.३ अँपिअर, ईएल-८४ ला ०.७६, ईझेड-८० ला ०.६, बेरीज केली तर पावणेदोन अँपिअरच्या आसपास. एवढा करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत जाळीच्या वायरीला वीतभर चिकटून धावतोय. आणि जाळी म्हणजे सगळ्या ॲम्प्लिफायरमधली सगळ्यात हळवी जागा. तिच्यावर मिलिव्होल्टभर काही आलं तरी पुढचे दोन टप्पे ते इमानदारीने मोठं करतात. गाणं आहे की घरची वीज, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मग बाबांनी त्यांचं घरटं दाखवलं. हीटरच्या दोन वायरी सुरुवातीला, बाकी काही बसवायच्या आधी घातलेल्या. दोन्ही एकमेकींना घट्ट पिळ घालून, चासीच्या कोपऱ्यातून पत्र्याला चिकटवून नेलेल्या आणि प्रत्येक सॉकेटशी तेवढ्याच वर उचललेल्या. पिळ का, तर जाणारा आणि येणारा करंट सारखाच आणि उलट दिशेचा, त्यामुळे दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकाला खोडतं. जाळीचा रेझिस्टन्स? तो थेट पिनेवरच सोल्डर केलेला, वायरच नाही. ईसीसी-८३ चा सॉकेट आत येणाऱ्या सिग्नलच्या शेजारी, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला. सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो, मागे कुठे वळत नाही. जिथे एखादी वायर हीटरला ओलांडते, तिथे काटकोनात ओलांडते.

म्हणजे वायरी नीट लावायच्या हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. मी डोळ्यांसाठी लावल्या होत्या, बाबांनी करंटसाठी. आमच्या धंद्यात असा कोड पुष्कळ असतो. इंडेंटेशन सुंदर, नावं सुंदर, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना आवडलेला, आणि आत एकाच कप्प्यात कोंबलेल्या दोन गोष्टी ज्यांनी एकमेकींना भेटायलाच नको होतं.

खरं तर मला थोडा राग आला. तीन रविवारांचं काम होतं. मी म्हटलं, "सगळं उचकटायचं का?" बाबा म्हणाले, "नको. आधी कुठलं खरं ते बघू." त्यांनी बांबूची एक लांब काडी मागवली. ॲम्प्लिफायर चालू, उलटा, आणि एका हाताने त्या कोरड्या काडीने ते एकेक वायर हळूच दाबू लागले. कापणारा हात इथे आड आला नाही, उलट काडी आपोआप टिचक्या मारत होती. पिवळी वायर जुडग्यातून बोटभर बाहेर ढकलली की हमिंग उतरायचं, सोडली की परत चढायचं. काडीच्या टोकाला बांधल्यासारखा आवाज वर-खाली होत होता. मुलगी चौथीत आहे. तिला वाटलं आजोबा वाद्य वाजवतायत.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जे राहत होतं, ते वेगळं निघालं. त्याचा सूर एक सप्तक वरचा होता, १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत. रेक्टिफायर एसीचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून डबल. हा दोष अर्थिंगचा. मी चासीच्या तीन बाजूंनी एक जाड उघडी तांब्याची तार फिरवली होती आणि जवळ पडेल तिथे सगळ्यांची जमीन त्या तारेला जोडली होती. दिसायला फार देखणी. पण पहिला मोठा कंडेन्सर दर सेकंदाला शंभर वेळा गचकन भरतो, आणि त्याचा तो झटका त्याच तारेतून परत जात होता जिच्यावर माझा नाजूक सिग्नल शून्य समजून उभा होता. शून्यच हलत असेल तर बाकी मोजायचं कशावर? बाबांनी पहिला कंडेन्सर आधी ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला थेट जोडायला लावला, आणि तिथून पुढे एकेका टप्प्याची जमीन क्रमाने. चासीला जोडणी फक्त एका जागी, सिग्नल आत येतो तिथे.

शेवटी सगळं उचकटलंच. नायलॉनचा दोरा कात्रीने कापताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

आता जे सांगतो ते मोबाईल खाली ठेवून वाचा, विशेषतः कॉलेजातल्या मुलांनी. दुसऱ्या फेरीत मी ईसीसी-८३ आणि ईएल-८४ काढून ठेवले आणि नुसता पॉवर सप्लाय तपासला. ३५० व्होल्ट डीसी, बरोबर. प्लग काढला, जेवायला गेलो. पंचवीस मिनिटांनी परत आलो तेव्हा मुलगी टेबलाशी होती आणि तिचं बोट चासीच्या आत एका टॅगकडे निघालं होतं, "बाबा, हे चंदेरी काय आहे?" मी ओरडलो नाही, तिचं मनगट धरून मागे घेतलं. मग त्या चंदेरी टॅगवर मीटर लावला. ३१० व्होल्ट. प्लग भिंतीपासून हातभर लांब पडलेला.

व्हॉल्व्ह जागेवर असते तर बंद केल्यावर ते स्वतःच कंडेन्सर रिकामा करतात. मी ते काढले होते, त्यामुळे ते व्होल्टेज कुठे जाणार? कंडेन्सर तसाच भरलेला बसून होता. बाबांच्या १९७९ च्या चासीत कंडेन्सरला समांतर एक जाड रेझिस्टन्स होता, २२० किलोओहमचा. माझ्या सर्किटमध्ये तो मी वगळला होता, कारण "आवाजासाठी त्याचं काही काम नाही" असं मला वाटलं. त्याचं काम एवढंच की बंद केल्यावर दोन मिनिटांत आतला सगळा चार्ज पिऊन टाकायचा. त्या रात्री तो सगळ्यात आधी लागला. तरीही आता चासीला हात लावण्यापूर्वी मी मीटर लावतो, आणि एक हात खिशात ठेवतो. हा बाबांच्या दुकानातला नियम. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. चासीला तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग, आत फ्यूज, आणि वर तळपत्रा लावल्याशिवाय घरातल्या कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही. हे जमत नसेल तर बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या किटपासून सुरुवात करा, त्यात लाज नाही.

तिसरी फेरी सगळ्यात संथ झाली. बाबा खुर्चीत, हातात बांबूची काडी; ते दाखवणार, मी करणार. आमचं एका गोष्टीवरून वाजलं. मी कंडेन्सरची तार टॅगच्या भोकातून घालून तीन वेढे देत होतो, पक्कं बसावं म्हणून. बाबांनी काडीने बोटावर टिचकी मारली. "अर्धा वेढा."

"निसटेल."

"सोल्डर कशाला आहे मग? तार हलली नाही पाहिजे एवढंच वेढ्याचं काम. तीन वेढे दिलेस तर पुढचा माणूस काढताना टॅगच तोडेल."

पुढचा माणूस कोण, हे मी विचारलं नाही. पण मग त्यांची जुनी चासी परत पाहिली. एक कंडेन्सर बदललेला दिसत होता, वेगळ्या कंपनीचा, सोल्डरही वेगळ्या हाताचं. धरणगावला असताना कुणीतरी दुरुस्त केला असणार. टॅग शाबूत होता. तळपत्र्याच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद खळीने चिकटवलेला होता, त्यावर पेन्सिलने काढलेलं अख्खं सर्किट आणि प्रत्येक पिनेवर किती व्होल्ट यायला हवेत ते आकडे. आम्ही याला डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि शुक्रवारी संध्याकाळी टाळतो.

अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे १९५० च्या दशकातले ऑसिलोस्कोप या बाबतीत नावाजलेले आहेत. त्यांच्या आत सिरॅमिकच्या पट्ट्या असत, खाचांना चांदीचा मुलामा दिलेल्या, आणि सगळे भाग शिडीच्या पायऱ्यांसारखे ओळीने त्यात बसवलेले. साध्या सोल्डरने दुरुस्ती केली तर तो मुलामा सोल्डरमध्ये विरघळून खाच निकामी होते. चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. मग कंपनी काय करी, तर त्या खास सोल्डरचं एक छोटं रीळ यंत्राच्या आतच अडकवून देई. कधी कुणी उघडलं तर त्याच्या हाताशी असावं म्हणून. आज साठ-सत्तर वर्षांनी जुनी यंत्रं उघडणाऱ्यांना ते रीळ आत सापडतं. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू यात सांगण्यासारखं काय आहे.

उलट टोकाची गोष्टही आहे. पीसीबी आले तेव्हा अमेरिकेतल्याच झेनिथने "आमच्या टीव्हीत छापील सर्किट नाही, हाताने वायरिंग केलेलं आहे" म्हणून जाहिराती केल्या. पुढे तेही पीसीबीवर गेलेच. चांगला पीसीबी या वायरिंगपेक्षा शांत असू शकतो, आणि दर वेळी सारखाच निघतो. हाताचं वायरिंग आवाजाला काही जादू देतं असं जे लोक म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण मला ती जादू ऐकू आलेली नाही. मला एवढंच दिसलं की इथे प्रत्येक जोड कुणीतरी ठरवून दिलेला असतो, आणि चुकलेला जोड बांबूच्या काडीने सापडतो.

ऑगस्टमध्ये एका पावसाळी रविवारी परत स्विच दाबला. या वेळी ग्रुपवर फोटो टाकला नव्हता, टाकण्यासारखा दिसतही नव्हता. व्हॉल्व्ह तापले. स्पीकरमधून काही आलं नाही. मला वाटलं चालूच झाला नाही. व्हॉल्यूम पूर्ण चढवला तेव्हा अगदी लांबून, कापडाला कान लावल्यावर, थोडीशी सळसळ आली आणि तिच्या खाली कुठेतरी पांढरी पाचचा एक धागा.

बाबांनी कान लावला. वयाप्रमाणे त्यांना बारीक, वरचे आवाज आता नीट येत नाहीत. मोबाईलची रिंग चुकते, कुकरची शिट्टी चुकते. खर्ज मात्र अजून पक्का आहे. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"आहे अजून."

"एवढं चालतं बाबा, चार फुटांवरून कुणालाही ऐकू येणार नाही."

"ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून बसवायला हवा. आउटपुटवाल्याशी काटकोनात नाहीये तो."

आईने मध्येच रेकॉर्ड लावली आणि मला सोल्डरिंग आयर्न बंद करायला सांगितलं. एक बाजू संपली, तिने दुसरी लावली. मुलीने तळपत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचा कागद तयार केला आहे. सर्किट मी काढलं, पिनांवरचे आकडे बाबांनी सांगितले, अक्षर तिचं. तो चिकटवून तळपत्रा लावायला मी बाबांपुढे ठेवला. पेचकस त्यांना दोन्ही हातांनी धरून जमतो. सहा स्क्रू होते. त्यांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोनच पिळले आणि बाकीचे चार वाटीत टाकून वाटी कपाटात ठेवली.